स्कोपचं नंतर बघू. आधी सांगा, ती कुणाबरोबर वाजवते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्सला. पाच वर्षं चेलो, म्हणजे ते गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं मोठं वाद्य, शिकतेय; ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षेत सहाव्या ग्रेडला डिस्टिंक्शन मिळालंय. आता म्हणते, बारावीनंतर इंजिनिअरिंग-बिंजिनिअरिंग काही नाही, फक्त चेलो. सर म्हणतात हात चांगला आहे, अडीच लाखांचा नवा चेलो घ्या. आजी म्हणते, एवढं धूड वाजवून पोट कसं भरणार? आणि तुम्ही विचारताय, यात स्कोप आहे का आणि लोन काढून चेलो घ्यावा का. जाता जाता हेही विचारलंय की तो रिक्षात बसतो का. त्याचं उत्तर शेवटी देते. तुमच्या प्रश्नांपैकी ठाम उत्तर देता येण्यासारखा तेवढा एकच आहे.

माझी ओळख एवढीच, की मी ४५ वर्षं चेलो वाजवतेय आणि त्यातली २६ वर्षं पुण्यात शिकवतेय. आज माझ्याकडे ११ जण येतात. सर्वांत लहान ७ वर्षांची आहे, सर्वांत मोठे एक निवृत्त बँक मॅनेजर.

'स्कोप' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर काय आहे ते मला दिसतंय. मोठं स्टेज, मागे ऑर्केस्ट्रा, मधोमध खुर्चीवर तुमची लेक. त्या चित्राबद्दल विचारत असाल तर ते धरून चालू नका. पुण्यात नाही आणि बर्लिनमध्येही नाही. ते चित्र बाजूला ठेवलं की मग खरा प्रश्न उरतो: चेलिस्ट सकाळी उठून दिवसभर जे करतो, ते करायला हिला आवडेल का? आणि ते काय असतं हे तिला आत्ता माहीत आहे का? पाच वर्षं सरांकडे एकटीने शिकून आणि ग्रेडच्या परीक्षा देऊन ते कळत नाही. तो तिचा दोष नाही. मलाही कळायला बरीच वर्षं गेली.

पुष्कळ गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच कबूल करते. तिचं वाजवणं मी ऐकलेलं नाही, त्यामुळे हाताबद्दल सरांचा शब्द मी प्रमाण मानते. तुम्ही तिला किती वर्षं सांभाळू शकता, ती पुणे सोडायला तयार आहे का, तिची पाठ आणि मनगटं कशी आहेत, यावर उत्तर इकडचं तिकडे होऊ शकतं. मी फक्त माझ्या अनुभवातून कसा विचार करते ते सांगते.

आमच्या घरी संगीत म्हणजे सवाई. वडील डिसेंबरात मफलर गुंडाळून रात्र रात्र बसायचे. १९८० साली, मी १२ वर्षांची असताना, मला व्हायोलिन शिकायला कॅम्पात घातलं, ते केवळ मामाचं घर तिथे होतं म्हणून. माझे सर मूळ गोव्याचे, मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवायचे आणि शनिवार-रविवार पुण्यात शिकवायचे. ख्रिसमस जवळ आला होता आणि चर्चच्या कार्यक्रमात खालचा आवाज वाजवायला कुणी नव्हतं. कोपऱ्यात एक चेलो पडला होता, त्याची सर्वांत जाड तार तुटलेली. सरांनी माझा कान तपासला नाही की बोटं बघितली नाहीत. मी बाकीच्या पोरांपेक्षा वीतभर उंच होते, एवढंच. "तू बस इथे," म्हणाले. घरी पहिल्यांदा वाजवला तेव्हा वडिलांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "हा तर खर्जाचा रियाज करतोय."

हा किस्सा आठवण म्हणून सांगत नाही. मी चेलिस्ट झाले कारण वर वाजवणाऱ्या सहा-सात मुलांना खाली कुणीतरी हवं होतं. ते मी फार उशिरा ओळखलं, पण या वाद्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

चेलोच्या चार तारा सा-प, सा-प अशा पाचव्या स्वराच्या अंतराने लावतात. खालून वर सी, जी, डी, ए. माणसाच्या आवाजाचा बहुतेक पल्ला त्यात बसतो, खालच्या सीच्या तारेवर तर बहुतेकांच्या आवाजाहूनही खोल जाता येतं. म्हणूनच लोक त्याच्या प्रेमात पडतात. पण चार जण एकत्र वाजवायला बसले की चेलोच्या वाट्याला नव्वद टक्के वेळा सूर धरून ठेवण्याचं काम येतं. तंबोऱ्याचं आणि तबल्याचं मिळून म्हणा ना. कोरेगाव पार्कातल्या लग्नांमध्ये हमखास फर्माईश होते ती पाखेलबेल या जर्मन संगीतकाराच्या 'कॅनन' या रचनेची. त्यात व्हायोलिनवाले सुंदर सुंदर तानांसारखं काहीबाही वाजवत असतात आणि चेलो तेच आठ सूर २८ वेळा वाजवतो. अठ्ठावीस. मी मोजलेत, आणि माझ्याआधी जगातल्या प्रत्येक चेलिस्टने मोजलेत. विसाव्या खेपेलाही ते आठ सूर जिवंत ठेवण्यात ज्याला मजा वाटते, तो या धंद्यात टिकतो. ज्याला तो अपमान वाटतो, तो चार-पाच वर्षांत कडवट होतो. चांगल्या हाताची माणसं अशी कडवट झालेली मी पाहिली आहेत.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न: ती कुणाबरोबर वाजवते? ग्रेडची परीक्षा म्हणजे तीन तुकडे, स्केल्स, साथीला पियानो. साथ तिला मिळते, ती कुणाला देत नाही. सहाव्या ग्रेडचं डिस्टिंक्शन म्हणजे मुलगी कष्टाळू आहे, हात तयार होतोय. ती चांगली सोबतीण आहे की नाही, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. कामं मात्र त्यावर मिळतात.

एक चाचणी सांगते. मी माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांना हायडन या जुन्या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या 'एम्परर' क्वार्टेटचा दुसरा भाग देते. क्वार्टेट म्हणजे चौघांची रचना: दोन व्हायोलिन, एक व्हायोला (थोडं मोठं व्हायोलिन) आणि एक चेलो. आज जर्मनीचं राष्ट्रगीत म्हणून लोकांना ठाऊक असलेली ती चाल. हायडनने ती एकामागून एक चौघांना वाटून दिली आहे. पहिल्या फेरीत दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते, सोबत फक्त पहिलं व्हायोलिन, आणि चेलो पूर्ण गप्प. दुसऱ्या फेरीत चेलोकडे येते. मग व्हायोलाकडे, शेवटी पहिल्या व्हायोलिनकडे. दुसरी फेरी सगळेच छान वाजवतात, तिच्याकडे मी फारसं लक्षच देत नाही. मी बघते, पहिल्या फेरीत मूल काय करतंय. गज मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघतंय, की त्या दोघांबरोबर श्वास घेतंय? आणि तिसऱ्या फेरीत चाल हातातून गेल्यावर आवाज आपोआप मागे घेतंय, की अजून तिलाच चिकटून बसलंय? दहा मिनिटांत मला जे कळतं ते दहा ग्रेडनी कळत नाही.

सोबत करणं हे दुय्यम काम असतं असा आपल्याकडे एक समज आहे. तुमच्या आजीबाईंनाही बहुधा तेच खुपत असेल, की एवढे पैसे घालून पोरगी मागेच बसणार. पण मोत्झार्टने १७८९-९० मध्ये तीन क्वार्टेट्स लिहिली, त्यांना 'प्रशियन' म्हणतात. प्रशियाचा राजा स्वतः चेलो वाजवायचा, त्याला डोळ्यांसमोर ठेवून. त्यात चेलोला एकदम वरच्या सप्तकात गाणी मिळाली आहेत. वाजवायला बहारीची आहेत, पण मोत्झार्टला तिथे खालची बाजू सांभाळताना कसरत करावी लागली आहे, कारण खाली बसणारा राजा वर गायला गेला! पोरांना हे सांगितलं की हसतात, आणि खालच्या सुराचं महत्त्व मला वेगळं शिकवावं लागत नाही.

आता पोटापाण्याचं. १९८७ ते ९५ मी सरांच्या मागे मुंबईला रेकॉर्डिंगला जायचे. सकाळची डेक्कन क्वीन, बायकांचा डबा, माझ्या गुडघ्यांत चेलो, आणि पासवाल्या बायका त्याच्या खांद्यावर पर्स अडकवायच्या. मी शेवटच्या स्टँडवर, म्हणजे वादकांच्या शेवटच्या रांगेत, सरांच्या मागे. अरेंजरने स्टुडिओत हातात दिलेला कागद बघून दुसऱ्या टेकला बिनचूक वाजवायचं. तिथे कुणी मला सुंदर वाजवतेस म्हणालं नाही. परत बोलावलं, हीच शाबासकी. मग कीबोर्डवरच्या स्ट्रिंग्ज आल्या आणि आधी मागचे स्टँड गेले, मग पुढचे. सरांच्या पिढीच्या वादकांचं उभं आयुष्य ज्या खुर्च्यांवर गेलं, त्या खुर्च्या दहा वर्षांत रिकाम्या झाल्या. आज सिनेमासाठी खरे चेलो वाजतात, नाही असं नाही, पण एकच वादक घरी बसून एकावर एक आठ ट्रॅक वाजवून पाठवतो, असंही चालतं. त्यासाठी माइक, सॉफ्टवेअर, कानात ठोके देणाऱ्या क्लिकबरोबर वाजवणं, हे सगळं तिला यावं लागेल. ते शिकता येतं.

ऑर्केस्ट्राची पगारी नोकरी म्हणाल तर आपल्याकडे त्या दर्जाचं मुख्य नाव एकच: मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ साली सुरू झालेली. त्यात पहिल्यापासून परदेशी वादक, विशेषतः कझाकस्तानचे, मोठ्या संख्येने आहेत. याचा राग मानण्यापेक्षा त्याचा अर्थ बघावा. आपल्याकडे त्या पातळीचे वादक पुरेसे तयार झाले नाहीत. तुमची मुलगी पुढच्या दहा वर्षांत तिथवर पोचू शकेल का? पोचू शकेल. पण एका देशात एक दरवाजा म्हणजे करिअर नव्हे, तो एक शक्यतेचा भाग.

बाकी लग्नं, हॉटेलं, चर्चमधले कार्यक्रम, पूना म्युझिक सोसायटीसारख्या ठिकाणच्या मैफली, अधूनमधून नाटकांसाठी आणि जाहिरातींसाठी वाजवणं. पण माझ्या मिळकतीतल्या दहा रुपयांपैकी सात रुपये शिकवण्यातून येतात, आणि गेली वीस वर्षं तेच प्रमाण आहे. पुण्यात चेलोवर जगायचं म्हणजे मुख्यतः शिकवायचं. हे तिला आजच सांगा. 'सध्या शिकवीन, मग नाव झालं की सोडीन,' या हिशेबाने शिकवणाऱ्यांकडे मुलं टिकत नाहीत.

आणि हे काही पुण्याचं दुर्दैव नाही. यानोश श्टार्करचं उदाहरण मी नेहमी देते. १९२४ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेला, विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या चेलिस्टांपैकी एक. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याचं घराणंही चोख: डेव्हिड पॉपर, त्याचा शिष्य शिफर, शिफरचा शिष्य श्टार्कर. तो आठ वर्षांचा असतानाच त्याला शिकवायला पहिला विद्यार्थी दिला होता. दुसऱ्या महायुद्धात तो नाझींच्या छावणीत कैदेत होता, तो वाचला, त्याचे दोन्ही भाऊ मारले गेले. अमेरिकेत गेल्यावर लगेच सोलोइस्ट, म्हणजे एकल वादक, म्हणून मिरवला नाही. आधी डॅलसच्या ऑर्केस्ट्रात, मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, मग १९५३ पासून शिकागोच्या ऑर्केस्ट्रात नोकरी केली. १९५८ मध्ये इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेला आणि २०१३ साली जाईपर्यंत त्या गावचाच राहिला. जगभर मैफली केल्या, बाखच्या सुइट्ससाठी (एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या रचना) ग्रॅमी मिळालं, पण विद्यार्थ्यांचा वर्ग सोडला नाही. म्हणजे ज्याला जगाने सोलोइस्ट म्हटलं, त्याचाही दिवस दुसऱ्याच्या मागे वाजवण्यात आणि दुसऱ्याला शिकवण्यात गेला.

मी शिकवायला कशी लागले ते जरा सविस्तर सांगते, कारण त्यात तुमच्या मुलीच्या कामाची एक गोष्ट आहे. रेकॉर्डिंगची कामं आटल्यावर मी परदेशातल्या एका कोर्सच्या ऑडिशनची तयारी सुरू केली. १९९९ साल, वय ३१. इतरांपेक्षा उशीर झालाय ही धास्ती, म्हणून रोज सहा-सहा तास. पॉपरच्या ४० एट्यूड्सपैकी (हात घडवण्यासाठीच्या सरावाच्या रचना) अवघड तेवढ्या सगळ्या एकदम काढल्या. तीन महिन्यांत डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला. मी दुर्लक्ष केलं. आपल्याकडे रियाज म्हटला की रक्त आटवायचंच असतं ना! एक दिवस पोळीचा तुकडा तुटेना. डॉक्टरांनी हात बांधला आणि पाच महिने वाद्याला हात लावायचा नाही म्हणाले. ऑडिशन गेली ती गेलीच.

त्या पाच महिन्यांत सरांनी त्यांच्या तीन लहान विद्यार्थ्यांना माझ्याकडे पाठवलं, बहुतेक माझी दया येऊन. मला वाजवून दाखवता येत नव्हतं. मग करणार काय? बघत बसले. आणि पहिल्यांदा दिसलं की तिघांपैकी दोघं अंगठ्याने चेलोची मान चिमट्यासारखी दाबतात. अगदी माझ्यासारखी. चेलोवर बोटांमधलं अंतर मोठं असतं. पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात मानेच्या वरच्या टोकाशी असताना, पहिल्या ते चौथ्या बोटात बरंच, हात ताणला तर त्याहून जास्त. ती पकड टिकवायला हात घाबरून अंगठा आवळतो. खरं तर तार दाबायला अंगठ्याची गरजच नसते, हाताचं वजन मागे गेलं की पुरतं. मी १९ वर्षं तो अंगठा आवळत होते आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सूर बरोबर लागत होता.

तेव्हापासून माझ्याकडे कुणीही आलं, कितव्याही ग्रेडचं असलं, तरी पहिल्या तासाला मी सांगते: अंगठा मानेवरून काढ, हवेत ठेव आणि स्केल वाजव. आज रात्री तुमच्या मुलीला हे करायला सांगा. सूर थोडा डळमळला तर हरकत नाही. पण तार दाबलीच जात नसेल, तर ती आजवर अंगठ्याच्या जोरावर वाजवतेय. मग पुढच्या चार वर्षांत तास वाढवण्याआधी ते सुधारा. दोन-तीन महिने लागतात, मूल वैतागतं, मागे गेल्यासारखं वाटतं. सरांशी बोला, ते चिडणार नाहीत. आणि सलग ४५ मिनिटांपुढे वाजवू देऊ नका. दहा मिनिटं उठायचं, मग पुन्हा.

शिकवण्याबद्दल आणखी एक. तिला आत्ताच एखादं सात-आठ वर्षांचं मूल शिकवायला द्या, फुकट, आठवड्यातून अर्धा तास, सरांच्या देखरेखीखाली. शिकवताना तिला कंटाळा येतो की कुतूहल वाटतं, ते बघा. 'बाबा, तो गज सारखा घोडीकडे का घसरवतो कळत नाही,' असं घरी येऊन बोलली, तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हाला मिळालं.

परदेशाबद्दल लोक विचारतातच, तेव्हा थोडक्यात. गंभीरपणे वाजवायचं असेल तर कधी ना कधी बाहेर जावं लागेल, असंच माझं मत आहे. पुण्यात तिच्या वयाचे, तिच्याहून चांगले दहा चेलिस्ट तिला रोज ऐकायला मिळणार नाहीत. मोठा फायदा गुरूपेक्षा त्या वातावरणाचाच असतो. जर्मनीतल्या सरकारी म्युझिक हॉखशूलमध्ये, म्हणजे संगीत महाविद्यालयांत, बहुतेक राज्यांत शिकण्याची फी नाही, पण बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो लागतात, आणि इतरही काही संस्था त्यांच्याकडून फी घेतात. राहण्याचा खर्च अर्थातच वेगळा, आणि तोच मोठा. प्रवेश ऑडिशनवर: साधारणपणे बाखच्या सुइटमधले दोन भाग, एखादी एट्यूड, आणि हायडनच्या कॉन्चेर्टोसारखी मोठी रचना. सहाव्या ग्रेडपासून तिथे पोचायला, रोज चार तास नीट काम केलं, तर मी तीन वर्षं धरते. जर्मन भाषा मात्र आजपासून सुरू करता येईल. मॅक्स म्यूलर भवन बोट क्लब रोडवर आहे, आणि पुण्यात जर्मन शिकलेलं वाया गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. चेलो नाही जमला तरी ते कामी येईल.

बारावी मात्र पूर्ण करू द्या. दोन वर्षांनी जग बुडत नाही. पाब्लो कासाल्सला बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात बाखच्या सुइट्सची प्रत मिळाली तेव्हा तो १३ वर्षांचा होता, आणि तो त्या १२ वर्षं घरी घोकत राहिला, मगच लोकांसमोर वाजवल्या.

'मग हिंदुस्थानी का नाही वाजवत?' हे पुण्यात राहून ऐकावं लागणारच, तिलाही ऐकावं लागेल. जमतं. चेलोला पडदे नाहीत, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्याच्या रक्तातच आहे, आणि खर्ज तर आहेच. नॅन्सी लेश-कुलकर्णी या अमेरिकन चेलिस्टने उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांकडे शिकून चेलोवर ध्रुपद आणलं. सास्किया राव-द हास या मूळच्या डच, त्यांनी जमिनीवर बसून वाजवता येईल असा, तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा लावलेला चेलो बनवून घेतला. पण ही दुसरी साधना आहे, बाजूचा उद्योग नव्हे. दोन्ही थोडं थोडं करीन म्हणाली तर सावध राहा.

आता वाद्य. अडीच लाख लोन काढून? आत्ता नको. १६ व्या वर्षी ती पूर्ण आकाराच्या चेलोवर असेल असं धरते, तीन-चतुर्थांशवर असेल तर ते आधी बदला. पूर्ण आकाराचा असेल तर आधी आहे त्या चेलोची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती), आतला साउंड पोस्ट (पोटातली उभी लाकडी दांडी) आणि तारा नीट करून घ्या. कारखान्यातून आलेल्या चेलोची घोडी बहुतेक वेळा फार उंच असते. ती घासून बेताची केली की आवाज तर सुधारतोच, अंगठा आवळण्याचं एक कारणही जातं. चांगल्या तारांचा संच वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो, ऐकून धक्का बसेल, पण जुना चेलो नवा वाटतो. त्यानंतर पैसे घालायचे तर आधी गजात घाला. माझा अनुभव असा, की मुलाचा आवाज चांगल्या गजाने जेवढा बदलतो तेवढा महाग चेलोने बदलत नाही. आणि ती बाहेर गेलीच तर तिथे तिच्या गुरूच्या सल्ल्याने चेलो घेता येईल. आज घेतलेला अडीच लाखांचा तेव्हा विकायला जाल तर गिऱ्हाईक मिळणार नाही.

तरी घ्यायचाच असेल तर दुकानात तिला तुमच्या पाठीमागे बसवा आणि तीन चेलो पाळीपाळीने वाजवायला सांगा, किंमत न सांगता. एफच्या आसपासचे सूर सगळ्या तारांवर सावकाश वाजवून घ्या. तिथे बहुतेक चेलोंत एक सूर गुरगुरतो, त्याला 'वुल्फ' म्हणतात. थोडा असणारच, पण जास्त गुरगुरणारा घेऊ नका.

आणि पुण्याची हवा लक्षात ठेवा. मार्च ते मे लाकूड सुकतं, खुंट्या सटकतात, कडेचे जोड उघडतात. जुलैत तेच लाकूड फुगतं. जोड सरसाने चिकटवलेले असतात ते मुद्दामच. ताण आला तर फळी फुटण्याऐवजी जोड सुटावा म्हणून. घाबरून फेव्हिकॉल लावू नका, हात जोडून सांगते. माझ्या चेलोचे सुटलेले जोड वर्षानुवर्षं पेठेतल्या एका तंबोरे दुरुस्त करणाऱ्या मिरजकर कारागिराने बसवले, कारण सरस तापवायचा कसा हे त्याला माहीत होतं. पहिल्यांदा बघून म्हणाला होता, "बाई, हा तर उभा तंबोरा." साउंड पोस्ट मात्र जाणकाराकडूनच बसवून घ्यायचा, त्यासाठी मी मुंबईला जाते. आणि बंद गाडीत उन्हात चेलो ठेवायचा नाही. २००३ च्या मे महिन्यात मी 'दहाच मिनिटं' म्हणून ठेवला होता, परत आले तर सरस मऊ होऊन मान पुढे झुकलेली. दोष सर्वस्वी माझा, दुरुस्तीला चार महिने.

घरात फरशी गुळगुळीत असेल तर एंडपिन, म्हणजे चेलोच्या बुडाची टोकदार दांडी, घसरतो, त्यासाठी खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा मिळतो, नाहीतर जुना बेल्ट चालतो. खुर्ची सपाट आणि टणक हवी, प्लॅस्टिकची मागे कललेली नको.

तर सध्या मी तुमच्या जागी असते तर बारावीपर्यंतच्या दोन वर्षांत हे केलं असतं: अंगठा तपासला असता, असलेला चेलो नीट करून घेतला असता, एक लहान मूल शिकवायला दिलं असतं, जर्मनचा क्लास लावला असता. आणि सगळ्यांत आधी तीन वाजवणारे शोधले असते. कॅम्पात, औंधात व्हायोलिन शिकणारी मुलं भरपूर आहेत, व्हायोलावाला नाही मिळाला तर तिसरं व्हायोलिन घ्या. दर रविवारी दोन तास, तुमच्या हॉलमध्ये, चहा-पोहे तुमचे. सुरुवातीला तिला हायडनचं एखादं सोपं क्वार्टेट द्या, ज्यात तिच्या वाट्याला चाल जवळपास येतच नाही. सहा महिन्यांनी ती रविवारची वाट बघत असेल, तर मला पुन्हा लिहा. मग कुठल्या कोर्सला अर्ज करायचा ते बोलू.

आणि हो, रिक्षा. बसतो. आधी एंडपिन पूर्ण आत ढकलून स्क्रू आवळायचा. मग चेलो आधी चढवायचा, मुलगी नंतर. बूड खाली पायाशी, मान तिरकी वर टपाच्या कोपऱ्यात, घोडीची बाजू तिच्याकडे आणि पाठ बाहेरच्या दांडीकडे, एक हात खांद्यावर कायम. स्पीडब्रेकरला मान टपावर आपटू नये म्हणून मध्ये एक घडी घातलेला टॉवेल. "मॅडम, यात काय आहे?" असं रिक्षावाला विचारणारच, तेव्हा 'मोठं व्हायोलिन' म्हणायचं, तेवढ्यावर भागतं. मीटरने येईल का, ते चेलोवर अवलंबून नाही.